म्युच्युअल फंडात आपण नेमकं विकत काय घेतो?

मार्च २०२५ मधली संध्याकाळ. आमच्या शेजारच्या वहिनी डबे पोचवून आल्या आणि पदराला हात पुसत पुसतच त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "भाऊजी, हे लाल काय दिसतंय? नऊ महिने झाले, महिन्याला तीन हजार कापले जातायत. सत्तावीस हजार भरले मी. इथे तेवीस हजार सहाशे चाळीस दाखवतंय. बाकीचे कुणी घेतले?"

प्रश्न अगदी बरोबर होता. तेव्हा तो घरोघरी विचारला जात होता. सप्टेंबर २०२४ मध्ये सेन्सेक्स ८५ हजारांच्या वर गेला होता, तो मार्चच्या सुरुवातीला ७३ हजारांच्या आसपास आला. छोट्या कंपन्यांचे शेअर त्याहून जोरात आपटले. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशभरातून एसआयपीच्या, म्हणजे दर महिन्याच्या ठरलेल्या हप्त्याच्या, वाटेने एका महिन्यात २५ हजार कोटींहून जास्त रुपये फंडांत आले होते. २०२५ च्या पहिल्या काही महिन्यांत मात्र नव्याने सुरू झालेल्या एसआयपींपेक्षा बंद केलेल्या किंवा मुदत संपलेल्या एसआयपींची संख्या जास्त होती. पैसे घालणारे लाखो होते, पण आपण काय घेतलंय हे त्यातल्या अनेकांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

म्हणून "बाकीचे कुणी घेतले?" याचं उत्तर मुळापासून देतो.

भिशी वेगळी, फंड वेगळा

भिशी सगळ्यांना कळते. बारा जणी, प्रत्येकीचे महिन्याला हजार, म्हणजे बारा हजारांचा डाव. जेवढे जमतात तेवढेच निघतात. नंबर कुणाचा लागतो एवढाच काय तो प्रश्न. पुष्कळांना म्युच्युअल फंड ही अशीच एखादी मोठी भिशी वाटते, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

फंडासाठी दुसरं उदाहरण घेऊ. दहा घरांनी एकेक लाख घातले आणि दहा लाखांची आंब्याची बाग विकत घेतली. झाडं कळणारा एक माणूस पगारावर ठेवला. आता प्रत्येक घराच्या नावावर बागेचा एक वाटा आहे. लाख रुपये कुणाचेच कुठे "ठेवलेले" नाहीत. त्यांची झाडं झालीत.

दोन वर्षांनी एका घरात लग्न निघालं आणि त्यांना बाहेर पडायचंय. त्यांना किती द्यायचे? लाखच दिले तर ते चूक ठरेल, कारण बाग आता लाखाच्या हिशेबाची राहिलेली नाही. आज बाग विकली तर किती येतील, त्याचा दहावा भाग त्यांचा. मोहोर चांगला असेल आणि बागेला पंधरा लाख येत असतील तर दीड लाख. अवकाळीने झोडपलं आणि आठच लाख येत असतील तर ऐंशी हजार.

हा वाटा म्हणजे युनिट. आणि आजच्या भावाने एका वाट्याचे जे होतात ती एनएव्ही, कागदोपत्री भाषेत निव्वळ मालमत्ता मूल्य. फंडाकडचे सगळे शेअर, कर्जरोखे आणि रोकड यांची आजची किंमत काढायची, देणी आणि खर्च वजा करायचे, उरलेल्याला एकूण युनिटांनी भागायचं. कामकाजाच्या प्रत्येक दिवशी हा हिशेब होतो आणि जाहीर होतो.

एसआयपी हा शब्दही इथेच निकालात काढू. "मी एसआयपीत पैसे घातलेत" असं लोक म्हणतात. एसआयपी ही योजना नाही, ती हप्त्याने वाटे घेण्याची रीत आहे. पैसे जातात फंडात. तो कुठला आणि त्याने बाग कुठे घेतलीय, ते बघायचं.

वहिनींच्या फंडाने छोट्या कंपन्यांचे शेअर घेतले होते. त्यांचे भाव उतरले, म्हणून वाट्याची किंमत उतरली. पैसे कुणी घेतले नाहीत. वाटे जेवढे होते तेवढेच त्यांच्या नावावर शाबूत आहेत, त्यांना आज बाजारात कमी भाव आहे.

हे ऐकून त्या म्हणाल्या, "मग रोज हा आकडा दाखवतातच कशाला? उगाच जीव वरखाली." मला वाटतं, साध्या बचतदाराने समजून घेण्यासारखी सगळ्यांत मोठी गोष्ट या तक्रारीत दडलेली आहे. जो आकडा आपल्याला घाबरवतो, तोच आपलं रक्षण करतो. ही पुस्तकी गोष्ट नाही. आपल्याच देशात, त्यातही मुंबईत, याची किंमत मोजून झालेली आहे.

किंमत हललीच नाही तेव्हा काय झालं

युनिट हा शब्द आपल्याकडे आणला युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाने. संसदेने १९६३ मध्ये कायदा केला, फेब्रुवारी १९६४ मध्ये काम सुरू झालं आणि त्याच वर्षीच्या १ जुलैला पहिली योजना आली: युनिट स्कीम १९६४, म्हणजेच यूएस-६४. दहा रुपयांचं एक युनिट. शेअर बाजाराची पायरी कधीही न चढणारे शिक्षक, कारकून, निवृत्त लोक आणि विधवा बायका यांच्यासाठी ही सोय होती. १९८७ पर्यंत देशात दुसरा म्युच्युअल फंडच नव्हता. लोक युनिट्स घेत, दरवर्षी डिव्हिडंडची वाट बघत आणि निश्चिंत असत.

ही निश्चिंती एका रचनेवर उभी होती. यूएस-६४ चा खरेदी-विक्रीचा भाव बाजारावरून ठरत नसे, ट्रस्ट स्वतः तो जाहीर करी. साधारणपणे जुलैत तो कमी असे आणि वर्षभर थोडा थोडा वाढत जाई. आत काय चाललंय ते बाहेर दिसत नसे. सुरुवातीला पैसा बराचसा ठरावीक व्याजाच्या रोख्यांत असे, तोवर हे खपून गेलं. पुढे निम्म्याहून जास्त पैसा शेअरमध्ये गेला. बाग बदलली, भाव सांगण्याची पद्धत तीच राहिली.

आता पुन्हा आपल्या बागेत या. बागेची खरी किंमत आठ लाखांवर आलीय, पण लोकांनी नाराज होऊ नये म्हणून व्यवस्थापक सांगतोय, "वाटा लाखाचाच." चार घरं हुशार निघाली. त्यांनी बागेत डोकावून पाहिलं आणि गुपचूप आपापला लाख मागून घेतला. व्यवस्थापकाने बागेचा तुकडा विकून चार लाख दिले. मागे उरली चार लाखांची बाग आणि सहा घरं. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे सहासष्ट हजार. खरं तर प्रत्येकाचे ऐंशी हजार होते. इथे मात्र वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर वेगळं येतं: बाकीचे घेतले गेले, आणि ते आधी बाहेर पडलेल्यांनी नेले.

२००१ मध्ये हेच घडलं. माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या शेअरचा फुगा फुटला होता, मार्च २००१ मध्ये शेअर दलाल केतन पारेखचा घोटाळा उघडकीस आला, बाजार कोसळला. यूएस-६४ चा जाहीर परतीचा भाव मात्र चौदा रुपयांच्या आसपास होता. एप्रिल आणि मे महिन्यांत बड्या कंपन्यांनी आपल्या मोठाल्या रकमा याच भावाने काढून घेतल्या. २ जुलै २००१ ला ट्रस्टने यूएस-६४ ची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी बंद केली. सुमारे दोन कोटी गुंतवणूकदार आत राहिले. जानेवारी २००२ पासून खरी एनएव्ही जाहीर होऊ लागली, तेव्हा ती दहा रुपयांच्याही बरीच खाली होती.

लहान गुंतवणूकदारांना सरकारने ठरावीक मर्यादेपर्यंत हमीभाव दिला, नंतर ६.७५ टक्क्यांचे करमुक्त रोखे दिले. तो भार अर्थातच सरकारी तिजोरीवर, म्हणजे तुमच्या-माझ्यावर पडला. कायदा रद्द झाला, २००३ मध्ये ट्रस्टचे दोन भाग झाले आणि त्यातला म्युच्युअल फंडाचा भाग इतरांसारखाच शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमांखाली आला.

आज बाहेर पडणाऱ्याला त्या दिवसाच्या एनएव्हीनेच पैसे मिळतात, आत राहणाऱ्याच्या ताटातलं त्याला उचलता येत नाही. मोबाइलवरचा तो लाल आकडा या व्यवस्थेचा भाग आहे. तो हिरवाच ठेवायचा तर खोटं बोलावं लागेल.

"भाव पडल्यावर हप्ता चालू ठेवायचा? हे तर पडत्या भिंतीला टेकू देणं झालं!"

वहिनींना मी त्यांच्याच कांद्यांवरून सांगितलं. समजा दर आठवड्याला तुम्ही तीनशे रुपयांचे कांदे आणता. तीस रुपये भाव असताना दहा किलो आले. वीसवर उतरला तेव्हा पंधरा किलो. साठ झाला तेव्हा पाचच किलो. तीन आठवड्यांत नऊशे रुपयांत तीस किलो, म्हणजे सरासरी तीस रुपये किलो पडले. तिन्ही भावांची नुसती सरासरी काढली तर ती छत्तीस-सदतीस रुपये येते. भाव कमी असताना आपोआप जास्त किलो घेतले गेले, म्हणून तुम्हाला स्वस्त पडलं. एसआयपीचं गणित एवढंच आहे.

पण मर्यादाही सांगतो, कारण ती सहसा सांगितली जात नाही. कांदे आपण त्याच आठवड्यात खातो. युनिट पुढे कधीतरी विकायचं असतं आणि विकताना भाव काय असेल त्यावर सगळं ठरतं. वीस वर्षं एसआयपी केली आणि विसाव्या वर्षी बाजार पडला, तर सगळ्या साठ्याचाच भाव पडतो. हप्त्याने घेतल्याचा तिथे उपयोग नाही. म्हणून पैशाची गरज दोन-तीन वर्षांवर आली की शेअरच्या फंडातून थोडे थोडे काढून सुरक्षित जागी हलवायला लागायचं.

किती थांबावं लागतं याचीही कल्पना असावी. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर होता, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो आठ हजारांच्या घरात आला. पुन्हा २१ हजार दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडला. २०२० मध्ये जानेवारीतल्या ४२ हजारांवरून मार्चमध्ये २६ हजारांखाली गेला आणि नोव्हेंबरपर्यंत भरून आला. कधी दहा महिने, कधी जवळजवळ तीन वर्षं. पुढची घसरण भरायला किती लागतील हे आधी सांगता येत नाही. ज्याला तेवढं थांबता येणार नाही त्याने यात पडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

"त्यापेक्षा एफडी बरी नाही का?"

काही पैशांसाठी एफडीच बरी. सहा महिन्यांचा घरखर्च, दवाखान्याची तजवीज, दोन वर्षांत भरायची फी, ठरलेलं लग्न, हे पैसे एफडी, आरडी किंवा बचत खात्यातच असावेत. इथे वाढीपेक्षा वेळेवर हातात येणं महत्त्वाचं.

एफडीबद्दलही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बँकेतल्या ठेवीला विमा आहे तो एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त हजार रुपये काढायची मुभा होती आणि विम्याची मर्यादा तेव्हा एकच लाख होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली. महाराष्ट्रात सहकारी बँका गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे सगळी पुंजी एकाच बँकेत ठेवू नये हे आपल्याला तरी वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट महागाई. दहा-पंधरा वर्षांपूर्वी वहिनी एक डबा किती रुपयांना देत होत्या आणि आज किती घेतात, हे त्यांनाच विचारलं. त्या हसल्या. "त्या पैशात आता नुसत्या पोळ्या येतील." म्हातारपणासाठी वीस वर्षं ठेवायचे पैसे कर कापून जेमतेम महागाईएवढेच वाढले, तर आकडा मोठा दिसतो पण बाजारात तेवढंच सामान येतं. लांबच्या गरजेसाठी शेअरचे फंड विचारात घ्यायचे ते एवढ्याचसाठी.

"डेट फंड तर एफडीसारखाच असतो ना?"

नाही. डेट फंड तुमचे पैसे सरकारला, बँकांना, कंपन्यांना कर्जाऊ देतो आणि व्याज मिळवतो. शेअरच्या फंडापेक्षा तो शांत असतो. पण कर्ज घेणारा बुडाला किंवा रोखे विकायला गेल्यावर गिऱ्हाईक मिळालं नाही, तर इथेही अडकायला होतं. २३ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीच्या काळात, फ्रँकलिन टेम्पल्टनने आपल्या सहा डेट योजना गुंडाळल्या. त्यांत २५ हजार कोटींहून जास्त रक्कम होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने पैसे परत मिळाले आणि बंद करतानाच्या किमतीपेक्षा एकूण थोडे जास्तच मिळाले. पण ज्याला मे महिन्यात ऑपरेशनचं बिल भरायचं होतं, त्याला याचा काय उपयोग?

जास्त व्याज मिळवायला पत कमी असलेल्या कंपन्यांना कर्ज दिलं जातं. डेट फंडात जवळच्या फंडांपेक्षा परतावा ठळकपणे जास्त दिसला, की पैसे कुणाला दिलेत ते आधी बघा. फंडाच्या महिन्याच्या पत्रकात ती यादी असते.

"फंड कंपनीच बुडाली तर?"

बागेचा सातबारा कुणाच्या नावावर आहे ते बघा. पगारावर ठेवलेल्या माणसाच्या नावावर तो नाही. फंड चालवणारी कंपनी म्हणजे असाच पगारी व्यवस्थापक. मालमत्ता ट्रस्टची असते, विश्वस्त वेगळे असतात, आणि शेअर व रोखे सांभाळायला कस्टोडियन नावाची आणखी एक संस्था असते. व्यवस्थापक कंपनीला उद्या टाळं लागलं तरी तिला कर्ज दिलेल्यांना तुमच्या बागेवर दावा सांगता येत नाही. योजना दुसऱ्या कंपनीकडे जाते किंवा विकून पैसे वाटले जातात.

बुडण्याची ही एक भीती काढून टाकता येते. बाजार पडण्याची भीती मात्र कुठल्याच नियमाने जात नाही. म्युच्युअल फंडात "पक्के बारा टक्के" देतो असं कुणी म्हणालं, तर तिथेच उठा.

दहा रुपयांचा फंड स्वस्त नसतो

"नवीन फंड येतोय, दहा रुपयाला मिळतोय, जुना तर पाचशेला आहे." हे वाक्य यूएस-६४ च्या काळापासून आजवर टिकलंय. पाच हजार रुपयांत दहा रुपयांची पाचशे युनिट्स येतात किंवा पाचशे रुपयांची दहा. दोन्ही फंडांतले शेअर दहा टक्क्यांनी वाढले, तर दोन्हीकडे साडेपाच हजार होतात. भाकरीचे चार तुकडे केले काय नि आठ केले काय, भाकरी तेवढीच. उलट जुन्या फंडाचा चांगल्या-वाईट वर्षांतला हिशेब तरी तपासता येतो. नव्याकडे दाखवायला जाहिरातच असते.

डिव्हिडंडचंही तेच. फंड डिव्हिडंड देतो तेव्हा तो तुमच्याच एनएव्हीतून वजा होतो. बागेतली फळं विकून पैसे वाटले, की झाडावर तेवढी फळं कमी. हा गैरसमज इतका पसरला होता की सेबीने २०२१ मध्ये त्या पर्यायाचं नावच बदलायला लावलं, आणि नव्या नावात भांडवल काढून घेतलं जातं हे स्पष्ट लिहायला लावलं. लांबच्या बचतीसाठी ग्रोथ, म्हणजे नफा न वाटता फंडातच ठेवणारा, पर्याय निवडावा.

मधे कोण किती घेतं

आता वहिनींच्या प्रश्नाचा राहिलेला भाग. बाजार पडल्याने पैसे कुणी घेतले नाहीत हे खरं, पण थोडे थोडे पैसे दररोज घेतले जातातच. व्यवस्थापकाचा पगार, कार्यालय, जाहिरात, फंड विकणाऱ्याचं कमिशन, या सगळ्याला मिळून खर्चाचं प्रमाण म्हणतात. वर्षाचा टक्का ठरलेला असतो आणि तो दिवसाच्या हिशेबाने एनएव्हीतून कापला जातो. बिल येत नाही, मेसेज येत नाही. म्हणूनच तो लोकांना दिसत नाही.

एक टक्का म्हणजे किती? महिन्याला तीन हजार, वीस वर्षं. एकूण भरणा ७ लाख २० हजार. समजा वर्षाला बारा टक्के वाढ झाली तर सुमारे २९ लाख ६८ हजार होतात. तीच वाढ अकरा टक्के धरली तर सुमारे २५ लाख ९७ हजार. फरक ३ लाख ७१ हजारांचा. (बारा आणि अकरा हे हिशेबापुरते धरलेत. एवढे मिळतीलच असं बिलकुल नाही.) एका टक्क्यासाठी भरलेल्या रकमेच्या निम्म्याहून जास्त जातात.

जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाचे दोन प्रकार मिळतात. रेग्युलरमध्ये मध्यस्थाचं कमिशन असतं. डायरेक्टमध्ये ते नसतं, त्यामुळे खर्च कमी. फंड तोच, शेअर तेच. मग सगळ्यांनी डायरेक्टच घ्यावं का? मी सरसकट तसं म्हणणार नाही. बाजार पडल्यावर घरी येऊन "थांबा, काढू नका" असं समजावणारा, नॉमिनीपासून वारसापर्यंत कागद लावून देणारा माणूस असेल, तर त्याचं कमिशन त्याने कमावलेलं आहे. पण वहिनींना तो फंड घ्यायला लावणारा बँकेतला मुलगा त्यानंतर एकदाही फिरकला नव्हता. गेल्या वर्षी या फंडाने सगळ्यांत जास्त दिले, एवढंच त्याने सांगितलं होतं. पैसे कधी लागणार आहेत हे विचारलंच नव्हतं. मला राग आला तो त्याचा. असा मध्यस्थ असेल तर त्याच्या नावाने वीस वर्षं कमिशन कापून घ्यायचं कारण नाही.

खर्च कमी ठेवण्याची आणखी एक वाट म्हणजे इंडेक्स फंड. निफ्टी या शेअर बाजाराच्या निर्देशांकात ज्या ५० कंपन्या आहेत त्याच, त्याच प्रमाणात घ्यायच्या. डोकं लावायचं नाही, म्हणून डोक्याचे पैसेही फारसे पडत नाहीत. पहिल्यांदाच शेअरच्या फंडात येणाऱ्याला मी इथूनच सुरुवात करायला सांगतो. लार्जकॅप म्हणजे बाजारमूल्याने पहिल्या शंभर कंपन्या, मिडकॅप १०१ ते २५०, आणि २५१ पासून पुढे सगळ्या स्मॉलकॅप. खाली जावं तसे झोके मोठे.

कर थोडक्यात

शेअरचा फंड वर्षाच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के. वर्षानंतर विकला तर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्याहून जास्त नफ्यावर १२.५ टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडाचा नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून तुमच्या टप्प्याने कर लागतो, एफडीच्या व्याजासारखाच. प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात, हे एसआयपीवाल्यांनी विसरू नये.

वहिनींचं पुढे काय

आम्ही वही घेऊन बसलो. मुलाच्या डिप्लोमाची फी जून २०२६ मध्ये लागणार होती, आणि हे तीन हजार त्यासाठीच होते. म्हणजे सव्वा वर्षावर आलेल्या गरजेचे पैसे छोट्या कंपन्यांच्या शेअरमध्ये. घसरण होण्याच्या आधीच चूक झाली होती.

फीसाठी दोन हजारांची आरडी त्याच आठवड्यात सुरू केली. जुनी एसआयपी थांबवली, पण घेतलेली युनिट्स विकली नाहीत. ती आता त्यांच्या म्हातारपणासाठी, पंधरा वर्षांच्या बोलीवर. उरलेल्या हजाराची एसआयपी निफ्टीच्या इंडेक्स फंडात, डायरेक्टमध्ये, पैसे थेट त्यांच्या खात्यातून फंडाच्या नावे. घरात सहा महिन्यांच्या खर्चाची सोय अजून झालेली नाही. पुढचा वाढीव पैसा आधी तिकडे जाईल, असं वहीत लिहून घेतलं.

मोबाइलवरचं अॅप महिन्यातून एकदाच उघडायचं ठरलं. त्यापेक्षा ईमेलवर येणारं एकत्रित खातेपत्रक वाचायचं: किती युनिट्स, कुठल्या फंडात, नाव आणि बँक खातं बरोबर आहे ना. ते पहिल्यांदा उघडलं तेव्हा नॉमिनीचा रकाना रिकामा होता. वहिनींनी थोडा विचार केला, मुलाच्या आधी मुलीचं नाव घातलं, अर्धं अर्धं लिहिलं, आणि रात्रीच्या डब्यांची कणीक मळायची राहिलीय म्हणून उठल्या.